चिकणमातीतील दात

(प्राथमिक शिक्षकांच्या सभेपुढील व्याख्यानाचा मजकूर)



ज्वारीचा एक दाणा तळहातावर घ्यावा आणि त्याच्या चौथाईएवढा एक काळपट, चकचकीत कण त्याच्या शेजारी ठेवावा. नुसत्या डोळ्यांना तो कण वाळूतील एखाद्या खड्याहून वेगळा दिसणार नाही. मात्र दहापट मोठे दाखविणारे भिंग त्यावर धरले की खड्याचा आकार मोडतो. मध्ये एक टोकदार सुळका, त्याच्या दोन्ही अंगांस दोन लहान सुळके आणि खाली दोन पाय फाकलेले सच्छिद्र मूळ असा पुरता रेखीव दात दिसू लागतो. हा दात एका लहानशा शार्क माशाचा असतो. तमिळनाडूतील पेरंबलूर जिल्ह्यात आज जेथे उजाड मातीचे माळ आहेत, तेथे सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी समुद्र होता. त्या समुद्राच्या तळावर हा दात गळून पडला आणि गाळात पुरला गेला. ज्या काळात हे घडले त्यास भूशास्त्रात क्रिटेशस कल्प म्हणतात. सुमारे साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी त्याचा आरंभ झाला व सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, नेमके सांगावयाचे तर ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी, तो संपला.

एवढ्याशा कणासाठी मातीची पोती वाहावयाची, ती धुवावयाची आणि भिंगाखाली दिवसचे दिवस घालवावयाचे, हा उद्योग प्रथमदर्शनी रिकामटेकड्यांचा वाटेल. परंतु सह्याद्रीच्या काळ्या कातळाचे वय ठरविण्याच्या वादात अशाच काही दातांनी साक्ष दिली आहे. ती हकीकत पुढे येईल. तत्पूर्वी शार्कचा दातच का टिकतो, हे पाहिले पाहिजे.

कोकणच्या किनाऱ्यावरील शिक्षकांस मुशी व मोरी हे मासे परिचित आहेत. हे शार्कच होत. त्यांच्या अंगात काटा म्हणावा असे कठीण हाड नसते. सर्व सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानात असते तशा लवचिक द्रव्याचा असतो. मासा मेल्यावर कूर्चा कुजून जाते, आणि म्हणून शार्कचा संपूर्ण सांगाडा खडकात सापडणे हा अपूर्व योग समजला जातो. दातांची गोष्ट निराळी. शार्कचे दात जबड्यात खोबणी करून बसविलेले नसतात, ते हिरडीच्या कातडीत रुतलेले असतात. आणि रहाटगाडग्यावरील पोहऱ्यांप्रमाणे एकामागे एक अशा त्यांच्या ओळी सतत पुढे सरकत असतात. पुढचा दात गळाला की मागचा त्याची जागा घेतो. हा क्रम जन्मभर चालतो, आणि अशा रीतीने एकच मासा आपल्या आयुष्यात हजारो दात समुद्रतळावर टाकतो. शिवाय दाताच्या वरच्या चकचकीत थरात फ्लोरिनयुक्त कॅल्शियम फॉस्फेट असते. ते शंखशिंपल्यांच्या चुन्याइतके सहज विरघळत नाही. संख्येने पुष्कळ आणि द्रव्याने चिवट, असा हा पुरावा आहे.

हा पुरावा ओळखावयास मनुष्यास फार काळ लागला. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर मोठमोठे त्रिकोणी दात दगडांत सापडत. लोक त्यांस जिभेचे दगड म्हणत, विषावरील उतारा म्हणून गळ्यात बांधीत. चंद्रग्रहणाच्या वेळी ते आकाशातून पडतात अशी समजूत रोमन ग्रंथकार प्लिनी याने नमूद करून ठेविली आहे. १६१६ मध्ये फाबिओ कोलोना या इटालियन विद्वानाने ते माशाचे दात असल्याचे प्रतिपादिले. पुढे १६६६ मध्ये इटलीतील लिव्होर्नोजवळ एक प्रचंड शार्क पकडला गेला, त्याचे मस्तक फ्लॉरेन्सच्या राजदरबारी पाठविण्यात आले, आणि निकोलस स्टेनो या डेन्मार्कच्या शरीरशास्त्रज्ञाकडे त्याचे विच्छेदन सोपविले गेले. स्टेनोने त्या जबड्यातील दात व माल्टाचे दगड शेजारी शेजारी ठेवून पाहिले. १६६७ मध्ये त्याने आपला निष्कर्ष छापला. दगड हे दातच असतील तर ते डोंगरात कसे गेले, हा प्रश्न त्याला टाळता आला नाही. आणि त्याचे उत्तर शोधता शोधता खडकांचे थर पाण्यात एकावर एक साठत जातात, खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा, हा नियम त्याने मांडला. आजच्या भूशास्त्राचा पाया त्यावर आहे. एका माशाच्या तोंडात डोकावल्याने हे झाले.

भारतात ह्या अभ्यासाचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. के आणि कन्लिफ ह्या दोन इंग्रज गृहस्थांनी पाँडिचेरी व तिरुचिरापल्ली ह्या बाजूंस जीवाश्म गोळा करून विलायतेस पाठविले. त्यांतील माशांच्या अवशेषांचे वर्णन फिलिप एजर्टन याने १८४५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हेन्री ब्लॅनफर्ड याने १८६२ मध्ये ह्या प्रदेशातील क्रिटेशस खडकांची उत्ततूर, तिरुचिरापल्ली व अरियलूर अशा तीन गटांत मांडणी केली. ती आजही थोड्याफार फरकाने वापरात आहे. तंजावरचे नाव मराठी माणसास परके नाही. तेथून कावेरीचा कोल्लिडम हा उत्तरेकडील फाटा ओलांडून गेले की अरियलूरचा मुलूख लागतो. तेथील चुनखडकावर सिमेंटचे कारखाने चालतात. खाणींमुळे थर उघडे पडतात हे खरे, परंतु उघडा पडलेला थर भट्टीतही जातो, आणि त्यासोबत त्यात जे काही असेल तेही जाते.

उत्ततूर गटात कराई नावाच्या गावाजवळ चिकणमातीचे जे थर आहेत, ते ह्या विषयात विशेष महत्त्वाचे आहेत. पावसाने ती माती इतकी कोरली आहे की सर्वत्र घळी व उघडे उंचवटे झाले आहेत. मातीत जिप्समच्या चमकत्या पट्ट्या व फॉस्फेटचे गोळे आढळतात. बेलेम्नाइट नावाच्या माखलीसारख्या प्राण्यांचे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे अवशेष पायांखाली लागतात. प्रत्येक पावसाळ्यानंतर काही नवे पृष्ठावर येते. १८४५ नंतर दीडशेहून अधिक वर्षे ह्या मुलखातील शार्कांबद्दलची माहिती त्रोटकच राहिली. त्याचे एक कारण अगदी साधे आहे. चालता चालता वेचणाऱ्याच्या डोळ्यांस मोठा दातच दिसतो. मोठा दात मोठ्या माशाचा, खुल्या समुद्रात फिरणाऱ्याचा असतो. तळावर राहून खेकडे, शिंपले खाणारे हातभर लांबीचे शार्क व पाकटे यांचे दात एक-दोन मिलिमीटरांचे असतात, आणि ते पायांखाली तुडविले जातात. नुसत्या डोळ्यांनी केलेल्या संग्रहावरून त्या समुद्रात मोठेच मासे होते असा समज होईल. आणि तो समज समुद्राचा नसून संग्राहकाच्या दृष्टीचा असेल. २०११ मध्ये भारतीय व परदेशी संशोधकांनी कराईच्या थरांतील सागरी पृष्ठवंशी प्राण्यांचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांत शास्त्राला अज्ञात अशा जातीही निघाल्या. त्यांतील एकीचे नाव ड्वार्डियस सुदिंडिकस, म्हणजे दक्षिण भारतीय, असे ठेवण्यात आले आहे.

आता कामाची रीत. तीत गूढ असे काही नाही. धान्य पाखडणे, निवडणे ह्यांत जी हातोटी लागते तीच येथे लागते.

माती घ्यावयाची ती एकाच थरातून घ्यावी. वरची सैल माती प्रथम खरवडून टाकावी, कारण ती घसरून कोठून आली आहे हे सांगता येत नाही. पोत्यात माती भरण्यापूर्वी चिठ्ठी लिहून आत टाकावी. चिठ्ठीवर गाव, घळीची जागा, थराची तळापासूनची उंची व तारीख असावी. माती घरी आणल्यावर ती कडक उन्हात पुरती वाळवावी. ह्या एका गोष्टीत नवशिक्यांची फार फसगत होते. ओलसर चिकणमाती पाण्यात टाकली तर तिचा गोळा तसाच निसरडा राहतो, चोळून चोळून हात दुखतात व दात मोडतात. तीच माती खडखडीत वाळवून पाण्यात टाकली तर सर्वांगाने पाणी शोषते व आपोआप विरते. उन्हाळ्यात तापलेल्या ढेकळावर वळिवाची पहिली सर पडली म्हणजे काय होते, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावे लागत नाही. एवढ्याने न विरणारी माती पुन्हा वाळवावी, पुन्हा भिजवावी. दोन-तीन आवर्तनांत बहुधा काम होते.

नंतर चाळण. दोन चाळण्या एकावर एक ठेवाव्यात. वरचीची भोके सुमारे दोन मिलिमीटरांची, खालचीची अर्ध्या मिलिमीटराची. घरगुती पिठाची चाळणी खालच्या कामी चालू शकेल, मात्र तिची जाळी कोठे फाटलेली नसावी. चाळणी पाण्याच्या टबात अर्धी बुडवून हलके हेलकावे द्यावेत. वरून जोराची धार सोडू नये आणि हाताने घासू नये. गढूळ पाणी खाली जाते, वर वाळू, शंखांचे तुकडे, जिप्समचे कण आणि भाग्य असेल तर दात राहतात. सराफ कट्ट्यातील धूळ धुऊन सोन्याचा कण काढणारे झारेकरी ज्या तत्त्वावर काम करतात, ते येथेही काही प्रमाणात उपयोगी पडते. दाताचे द्रव्य पाण्याच्या तिपटीहून थोडे अधिक जड असते. वाळूतील गारगोटी पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड. फरक सोन्याइतका ठळक नाही, म्हणून परातीत घोळवून सर्वच काम भागत नाही. प्रयोगशाळेत ह्या दोहोंच्या मधल्या घनतेचे द्रव वापरतात. त्यात वाळू तरंगते आणि दात तळाशी जातात.

थर चुनखडकाचा असेल तर पाण्याने काहीच साधत नाही. तेथे सौम्य केलेले ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, वापरतात. त्याने चुना विरतो व फॉस्फेटचा दात राहतो. हायड्रोक्लोरिक आम्लाने काम झटपट होते खरे, परंतु त्याने दातही खाल्ला जातो. ही क्रिया जाणत्या माणसानेच करावी, मुलांच्या हाती आम्ल देऊ नये.

एक नमुना धुऊन झाला की चाळणी उलटी करून धारेखाली धरावी, कुंचल्याने प्रत्येक भोक साफ करावे आणि मगच दुसरा नमुना घ्यावा. जाळीत अडकलेला एक दात जर दुसऱ्या थराच्या गाळात पडला, तर तो दात त्या थराचा म्हणून नोंदला जाईल. आणि एकदा नोंदला गेला की त्याची चूक उमगण्यास कोणताच मार्ग उरणार नाही. हरवलेल्या दाताने नुकसान होते ते एका दाताचेच. भलत्या चिठ्ठीखाली गेलेल्या दाताने संपूर्ण संग्रहावरचा विश्वास उडतो.

सावलीत वाळविलेला गाळ चिमूट चिमूट घेऊन एका उथळ तबकात पसरावा. तबकाच्या तळाशी काळा कागद चिकटवून त्यावर पांढऱ्या रेघांनी चौकटी आखाव्यात. दात काळे असतील तर पांढरा कागद घ्यावा. दातांचा रंग हा त्यांच्या वयाचा नसून भोवतालच्या मातीतील क्षारांचा असतो, म्हणून एका ठिकाणी ते मधाच्या रंगाचे तर दुसरीकडे कोळशासारखे असू शकतात. भिंगाखाली एकेक चौकट ओळीने पाहावी. चिमट्याने एवढा लहान दात उचलू गेल्यास तो उडून जातो. त्यासाठी पाण्यात किंचित ओला केलेला बारीक कुंचला घ्यावा, दात त्याच्या टोकास आपण होऊन चिकटतो. एका माणसाने तबक पाहून झाले की दुसऱ्याने ते पुन्हा पाहावे. पहिल्याच्या दृष्टीतून निसटलेले काही ना काही दुसऱ्यास मिळतेच. कित्येक तबकांत काहीच मिळत नाही, आणि 'काही मिळाले नाही' ही देखील वहीत लिहिण्याजोगी नोंद आहे.

ओळखण्याचे काम याहून कठीण. प्रथम तो दातच आहे की नाही हे ठरवावे. जिप्समचा स्फटिक चमकतो, पण त्याला मूळ नसते. हाडांच्या माशांचा दात बहुधा साधा शंकू असतो व तळाशी पोकळ असतो. शार्कच्या दातास चकचकीत शिखर आणि निस्तेज, छिद्रांचे मूळ असे दोन स्पष्ट भाग असतात. शार्कच्या कातडीवरील खवलेही दाताच्याच द्रव्याचे असतात व चाळणीत येतात. त्यांत नवखा माणूस हमखास फसतो. खवल्याचे शिखर बहुधा एका बाजूस पानासारखे कललेले असते व तळ सपाट असतो.

दात हे ठरल्यावर त्याच्या दोन बाजू ओळखाव्यात. ओठाकडील बाजू बहुधा सपाट, जिभेकडील फुगीर. जिभेकडील बाजूस मुळावर एक पन्हळ किंवा भोक असते. दात जिवंत असताना त्यातून रक्तवाहिनी जात असे. मग कडा पाहाव्यात. त्या गुळगुळीत आहेत, की करवतीप्रमाणे दातेरी? मुख्य सुळक्याच्या बाजूस उपसुळके आहेत का, किती? पृष्ठभागावर उभ्या रेघा आहेत का? क्रिटालाम्ना ह्या शार्कच्या दातास दोन्ही अंगांस रुंद त्रिकोणी उपसुळके असतात. स्क्वॅलिकोरॅक्सचा दात बुटका, एका बाजूस झुकलेला व बारीक दातेरी कडांचा. वाळूत चपटे पडून राहणारे देवदूत शार्क आजही समुद्रात आहेत. त्यांच्या दातास बैठकीसारखे रुंद मूळ व त्यावर उभा एकच सुळका असतो. गाय-शार्कांच्या कुळातील खालच्या जबड्याचा दात फणीसारखा, अनेक सुळक्यांचा. त्या कुळातील ग्लॅडिओसेराटस मॅग्नस ही जात वर उल्लेखिलेल्या २०११ च्या अभ्यासात कराईहून नव्याने वर्णिली गेली. आणि काही दात तर दातासारखे दिसतच नाहीत. प्टायकोडसचा दात एखाद्या जाड बटणासारखा असून त्यावर आडव्या वळ्या असतात. त्यांची फरसबंदी करून तो शिंपले चिरडीत असे. त्याची एक जात २०१२ मध्ये दक्षिण भारतातील ह्याच क्रिटेशस थरांतून नोंदली गेली. लुई अगासी याने ह्या प्राण्यास नाव दिले ते एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात. त्याच्या शरीराचा आकार मात्र मेक्सिकोत संपूर्ण नमुने मिळून २०२४ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले तेव्हाच कळला. सुमारे एकशेनव्वद वर्षे मुख्यतः दातांवरच भागवावे लागले होते.

नाव देण्याची घाई करू नये, असे जाणते लोक बजावतात त्याचे कारण शार्कच्या जबड्यातच आहे. एकाच माशाचे सर्व दात सारखे नसतात. पुढचे उंच व सरळ, बाजूचे बुटके व कललेले, कोपऱ्यातील अगदी ठेंगणे; वरच्या व खालच्या जबड्यांतही फरक. हेटेरोडोंटस नावाच्या, आजही हयात असलेल्या शार्कच्या पुढच्या दातांस टोके असतात व मागचे दात सपाट जात्यासारखे असतात, आणि त्याच्या नावाचा अर्थच 'वेगवेगळ्या दातांचा' असा आहे. हे न जाणता प्रत्येक आकारास नवे नाव दिले तर एक मासा पाच मासे होतो. पूर्वी असे पुष्कळ वेळा झाले, आणि नंतरच्या अभ्यासकांस ती नावे रद्द करण्यात वर्षे घालवावी लागली. म्हणून एक दात म्हणजे पुरावा नव्हे. एकाच थरातील शंभर दात ओळीने मांडले म्हणजे कोणता आकार कोणत्या आकारात मिसळत जातो हे दिसू लागते. संग्रह करणारा मनुष्य सुबक तेवढे दात ठेवून मोडके टाकून देतो, तेव्हा नेमका हाच धागा तुटतो.

आता सह्याद्रीची हकीकत. महाराष्ट्राचा बहुतांश भाग लाव्ह्याच्या थरांनी झाकलेला आहे. एक लाव्हा वाहून थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत कोठे कोठे तळी, दलदली झाल्या, त्यांत गाळ साठला आणि मग त्यावर पुन्हा लाव्हा पसरला. लाव्ह्यांच्या मध्ये सापडलेल्या ह्या गाळाच्या थरांत वनस्पती, शंख, माशांचे खवले मिळतात. नागपूरजवळ टाकळी येथील असे जीवाश्म मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रसिद्धीस आणले. हा लाव्हा केव्हाचा? तो क्रिटेशस कल्पातील, की त्यानंतरचा? बिरबल साहनी ह्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये नेमका हाच प्रश्न आपल्या लेखाचा मथळा केला, आणि वनस्पतींच्या अवशेषांवरून लाव्हा नंतरच्या, म्हणजे तृतीयक काळातील असल्याचा पक्ष घेतला. त्यांच्या अधिकारामुळे ह्या मतास मोठे वजन आले, आणि वाद कित्येक दशके चालला.

चंद्रपूरच्या दक्षिणेस, आज तेलंगणात असलेल्या असिफाबादजवळ लाव्ह्यांच्या मधील गाळ धुताना षट्कोनी माथ्याचे, तळाशी फणीसारख्या खाचा असलेले चिमुकले दात मिळाले. ते शार्कचे नव्हेत, पण त्याच्याच गणगोतातील पाकटाचे होते. फ्रान्समधील माँपेलिए येथील हेन्री कापेटा हे ह्या विषयातील मोठे जाणकार. त्यांनी ह्याच प्रकारचा पाकट १९७२ मध्ये आफ्रिकेतील नायजर देशातून वर्णिला होता व त्यास इग्डाबाटिस असे नाव दिले होते. नायजरमधील ते थर क्रिटेशस कल्पाच्या अगदी अखेरच्या टप्प्यातील होते. तेव्हा असिफाबादचा गाळही त्याच सुमाराचा, आणि त्याच्या खालचा लाव्हा त्याहून आधीचा, असे अनुमान निघाले. १९८६ मध्ये व्हॅन्साँ कुर्तियो व त्यांचे सहकारी ह्यांनी लाव्ह्यातील चुंबकत्वाची दिशा, किरणोत्सारी मापन आणि जीवाश्म ह्या तिन्हींचा मेळ घालून दख्खनचा लाव्हा क्रिटेशस कल्पाच्या अंताशी आणून ठेविला. त्या निबंधाच्या लेखकांत कापेटांचेही नाव आहे. १९९३ मध्ये असिफाबादच्या जातीस इग्डाबाटिस इंडिकस हे नाव मिळाले. पुढे वयमापनाच्या अधिक सूक्ष्म रीतींनी त्या लाव्ह्याचा मोठा भाग ६ कोटी ६० लक्ष वर्षांच्या आसपासचाच ठरला. डायनोसॉरांच्या विनाशाचा काळ तोच. त्यामुळे महाबळेश्वरच्या कड्याकडे जगातील शास्त्रज्ञ आज निराळ्या आस्थेने पाहतात.

ह्या अनुमानात एक कच्चा दुवा राहू शकला असता. जुन्या खडकातून सुटून आलेला दात नव्या गाळात वाहत येऊन पडला असेल तर? तसे झाले असते तर दात क्रिटेशस व गाळ नंतरचा, असा घोटाळा झाला असता. म्हणून दाताच्या कडा भिंगाखाली पाहतात. लांबून घरंगळत आलेल्या दाताच्या कडा बोथट होतात, मुळाचे कंगोरे झिजतात. तसेच त्या थरातील इतर प्राणी कोणत्या काळाची साक्ष देतात हेही ताडून पाहतात. मुळाच्या खाचा चोळून झिजविणारा निष्काळजी हात ह्या ठिकाणी काय नष्ट करतो, हे वेगळे सांगावयास नको.

चाळणीला आपण काय शोधीत आहोत ते ठाऊक नसते, हा तिचा मोठा गुण. तेलंगणातीलच नास्कल येथील अशाच गाळातून चिचुंदरीएवढ्या एका सस्तन प्राण्याचे दात मिळाले. १९८८ मध्ये त्याचे डेक्कनोलेस्टेस ह्या नावाने वर्णन झाले. क्रिटेशस कल्पातील भारतातील सस्तन प्राण्याची ती पहिली नोंद होय.

महाराष्ट्रातील शिक्षकाने मात्र शाळेमागच्या काळ्या कातळात शार्कचा दात शोधू नये. तापलेल्या लाव्ह्यात मासा नव्हता. मुले जे पांढरे, हिरवट स्फटिक आणून दाखवितात ते झिओलाइटसारखे खनिज होय, जीवाश्म नव्हे, हे त्यांस समजावून द्यावे. विदर्भात पिसदुरासारख्या ठिकाणी लाव्ह्याखालच्या थरांत डायनोसॉरांची हाडे मिळाली आहेत. अशा जागी मुलांची सहल न्यावी, पण काही उचलू नये. राज्याच्या उत्तर सीमेपलीकडे, नर्मदेच्या खोऱ्यात धार जिल्ह्यातील बाघ येथे क्रिटेशस समुद्राचे थर आहेत आणि त्यांत शार्कचे दात मिळाले आहेत. त्याच भागात २००७ च्या सुमारास डायनोसॉरांच्या अंड्यांचे साठे हौशी संग्राहकांनी उजेडात आणले, आणि त्यांत शाळेत शिकविणारे शिक्षक होते.

वर्गात दाखवावयास जीवाश्मच हवा असे नाही. किनाऱ्यावरील शाळेस मासळी बाजारातून लहान मुशीचे डोके सहज मिळेल. ते मंद आचेवर थोडे उकळून मऊ कुंचल्याने मांस काढावे. फार उकळल्यास दात सुटे होतात. जबडा सावलीत वाळवून भिंगाखाली ठेवला की उभ्या दातांच्या मागे आडव्या पडलेल्या, वर येण्याची वाट पाहणाऱ्या दातांच्या ओळी मुलांस स्वतः मोजता येतील. मुशीचे दात तिरपे व गुळगुळीत कडांचे असतात. त्यांतील पुढचा, बाजूचा आणि कोपऱ्याचा असे तीन दात निरनिराळ्या कागदांवर मोठे करून काढावयास सांगावेत आणि मग ते एकाच माशाचे आहेत की तीन माशांचे, असा प्रश्न दुसऱ्या वर्गातील मुलांस करावा. प्रत्येक कागदाच्या खाली मासा कोणत्या बंदरावरचा, दात कोणत्या जबड्यातला व तारीख कोणती, हे मुलांच्याच हातून लिहवून घ्यावे.